यादीत माहेर नव्हतं

चिंचणी
सोमवार, ७ एप्रिल २०२५

आपलं घर परदेशात आहे हे मला तुझ्या बारा वर्षांच्या पोरीकडून कळलं, जागृती. तू सांगितलं असतंस तरी चाललं असतं. मेघालीने आमच्या धीरजच्या फोनवर शाळेचा कागद पाठवलाय. सुट्टी घरी बरी की परदेशात बरी, असा विषय दिलाय म्हणे बाईंनी. मधे रेघ मारून दोन बाजू केल्यात. घरच्या बाजूला वेल्सचा समुद्र आणि चाकावरची खोली. परदेशाच्या बाजूला स्पेन, तुर्कस्तान आणि आम्ही. स्पेनपुढे लिहिलंय, पोहायचा तलाव. तुर्कस्तानपुढे, जेवण हॉटेलातच. आमच्यापुढे, लांब प्रवास, डास, आजोबा. धीरजने मराठीत वाचून दाखवलं आणि हसला. मला हसू आलं नाही. डासांच्या खाली आजोबा.

खाली तिने विचारलंय, मामी, तुमच्याकडच्या दोन चांगल्या गोष्टी सांगा, ही बाजू कमी पडते. तिला सांग, चिकू आहेत आणि समुद्र घरापासून सात मिनिटांवर आहे. समुद्र तुमच्याकडच्यासारखाच मातकट. तिसरी गोष्ट विचारली असती तरी मला आठवली नसती.

आता कामाचं. तुझ्या दादांना जाऊन दोन महिने होतील परवा. घरात कढई चढलेली नाही. तू विसरली असशील म्हणून लिहिते, तिकडे सतरा वर्षं झाली तुला. आपल्या आळीत घरातलं माणूस गेलं की दिलेल्या लेकीने येऊन पहिली कढई चढवायची. तोवर घरात तळण नाही. पुऱ्या नाहीत, वडे नाहीत, साधा पापड तळायचा नाही. लेक येते, आपल्या हाताने पहिली घारी तळते आणि मागे राहिलेल्या बाईच्या तोंडात घालते. मग घर चालू. तुझी आजी गेली तेव्हा तुझ्या आत्याने येऊन केलं. तू चुलीजवळ बसली होतीस, अकरा वर्षांची, तेल उडालं म्हणून रडलीस. मी नवी नवरी होते, मी तुझ्या हाताला बटाटा चोळला.

या घराची दिलेली लेक तू एकटी. दुसरी असती तर तुला कागद लिहिला नसता.

तुझे तात्या रोज विचारतात. चौऱ्याऐंशी झाली, कान गेले, पण नाक शाबूत आहे. शेजारी काही तळलं की म्हणतात, "दमयंती, आपल्याकडे कधी?" मी म्हणते, जागू आल्यावर. मग म्हणतात, "ती कधी?" मी काय सांगू? तुझ्या पोरीचा कागद दाखवू?

तुमच्या शाळांची मोठी सुट्टी जुलैअखेर लागते हे धीरजने शोधून काढलं. ऑगस्टात ये.

हे पत्र धीरज फोटो काढून तुला पाठवेल. फोनवर बोलत नाही कारण तू मधेच म्हणतेस वैनी एक मिनिट, आणि मग वीस दिवस जातात.

दमयंती


सोमवार, २८ एप्रिल २०२५

तुझं बोलणं धीरजच्या फोनवर आलं. सहा मिनिटांचं. मी तीनदा ऐकलं. सहा मिनिटांत तू कढईचं नाव एकदाही घेतलं नाहीस.

मितेशरावांचं म्हणणं कळलं. परदेशात गेलं की आठ दिवस जाण्यायेण्यात आणि पोट सांभाळण्यात जातात, घरच्या घरी सुट्टी घेतली की आराम मिळतो. पुरुषमाणूस आहेत, मिळत असेल. तुझं काय? ती चाकावरची खोली बघितली मी, धीरजने फोटो काढून दाखवला. पलंगाला लागून शेगडी. म्हणजे तू घरची भांडी गाडीत घालून समुद्रावर नेणार आणि तिथे तोच स्वयंपाक करणार, फक्त वाकून. तू तिकडे म्हाताऱ्यांच्या आश्रमात बारा बारा तास उभी असतेस. तुला कुणी विचारलं का कुठे बरं वाटेल?

तरी मी खरं सांगते. मला सुट्टीवाली माणसं कळतात. दर शनिवारी बघते. मागच्या अंगणातल्या दोन खोल्या भाड्याने द्यायला लागून नऊ वर्षं झाली. मुंबईची माणसं येतात, गाडीतून उतरतात, म्हणतात किती शांत, आणि मग गाणी लावतात. परवा बोरिवलीची एक बाई ओट्याशी येऊन उभी राहिली. मी मासे साफ करत होते. म्हणाली, "काकू, तुम्ही किती लकी. तुमची तर रोजच सुट्टी."

मी म्हटलं, "मग ये, बस. ही सुरी घे. तुला पण सुट्टी."

नवसी भांडी घासत होती, ती एवढी हसली की हातातलं पातेलं पडलं. नंतर मला म्हणते, "वैनी, तुमी अशा बोलता म्हणून लोक परत येत नाय." मी म्हटलं, परत येतात, मासे चांगले असतात. ती म्हणाली, "मासे चांगले हायत. बाई वायट हाय." नवसीला मी घालवून देणार नाही, तिच्याशिवाय या घरात माझ्याशी कुणी बोलत नाही.

तर मेघालीच्या कागदात मी पण लिहिते. ऑगस्टात इथे पाऊस असतो. वीज जाते. वारा फिरला की बोईसरच्या कारखान्यांचा वास येतो, घशाला लागतो. चिकू नसतात तेव्हा, मी मागच्या पत्रात चुकीचं लिहिलं. किनाऱ्यावर घाण वाहून येते. पोरीला बाहेरचं पाणी चालत नाही, तात्या तिला ओळखणार नाहीत, मितेशरावांना गादी कडक लागेल. सुट्टी पाहिजे असेल तर वेल्सला जा. मी मनापासून सांगते. इथे सुट्टीला येऊ नकोस. इथे कामाला ये. काम एका सकाळचं आहे.

आणि दुसरं. बोलण्याच्या शेवटी तू म्हणालीस, आलोच तर मागची मोठी खोली मोकळी ठेव वैनी, मितेशला वेगळं न्हाणीघर लागतं, जो दर असेल तो आम्ही देऊ.

दर. मी फोन खाली ठेवला आणि वाल सोलायला बसले. सगळे सोलून झाले.

ती मोठी खोली तुझी आहे. तू अभ्यासाला बसायचीस ती, मागून फरशी घालून वाढवलेली. मागची दोन वर्षं ऑगस्टात ह्यांनी ती कुणाला दिली नाही. दर ऑगस्ट. मी भांडायचे, पंधरा ऑगस्टच्या जोडसुट्टीला लोक विचारत असतात, रिकामी काय ठेवता. हे म्हणायचे, "तिकडच्या शाळांना सुट्टी असते." बस, एवढंच. चादर बदलायचे. मला वाटायचं, आली नाही तर आली नाही, निदान खोली तरी द्या.

तू ह्यांच्यावर राग धरलास ते तुझं बरोबर असेल. पोलिसांच्या फॉर्मवर तुला टुरिस्ट लिहिलं हे कुणालाही लागेल. पण जागृती, तू पासपोर्ट बदललास. तुमचा परदेशी पासपोर्ट असला की आम्हाला चोवीस तासांत फॉर्म भरावा लागतो, पाहुणा असो नाहीतर पोटची लेक असो. कोण आलं, कुठून आलं, येण्याचं कारण काय. कारण आपल्या मनाने लिहिता येत नाही, यादीतून निवडावं लागतं. यादीत माहेर नव्हतं. तर ह्यांनी काय करायचं होतं?

अडीच वर्षं बोलली नाहीस. आता तो माणूस नाही. आता कुणावर रागावून बसली आहेस?

दमयंती

मेघालीला सांग, दोन गोष्टींतली एक खोड.


सोमवार, १९ मे २०२५

धीरजकडे तुझा एकच ओळीचा निरोप आला. मितेशच्या ऑफिसात विचारून सांगते. बरं.

इथलं सांगते. परवा भावकीतले शांताराम काका आले होते. तात्यांच्या खाटेवर बसले आणि मला ऐकू जाईल असं तात्यांच्या कानात ओरडले, "जागृती काय यायची नाय. किती दिवस घर सुतकात ठेवता? आमची सून बोरडीची हाय, तिला बोलवतो, लेक नाय तर भावकीतली चालते, ती चढवेल कढई."

तात्या म्हणाले, "कोण सून?"

"आमची."

"तुमच्या सुनेला माझा रामनाथ काय ठाऊक?"

शांताराम काका माझ्याकडे बघायला लागले. म्हणाले, "आता तूच सांग त्यांना. मे महिना हाय, पाहुण्यांना भजी नाय दिली तर कोण येतो तुझ्याकडे?" मी म्हटलं, भजी खायला बोईसरचं स्टेशन आहे. ते रागावून गेले. जाताना चप्पल घालायला जास्त वेळ लावला, की मी थांबवीन म्हणून. मी नाही थांबवलं.

पण ते म्हणतात त्यात खोटं नाही. भाजून उकडून किती दिवस घालणार लोकांना. धीरज सालवडहून शनिवारी येतो, त्याची बायको दीपा म्हणते, "आई, आता हे कोण पाळतं? मी चढवते ना." ती या घरचीच सून आहे, लेक नाही, तिला कसं सांगू. तिला वाटतं मला रीत मोडायची भीती वाटते. मला कसलीच भीती वाटत नाही. मला भूकही लागत नाही. जेवते मी, जेवायची वेळ झाली की.

तू त्या दिवशी फोनवर विचारलं होतंस, वैनी दादा कसा गेला, आणि मी म्हटलं होतं हार्ट. तेव्हा बारा माणसं दारात होती. आता सांगते.

नऊ फेब्रुवारी, रविवार. दोन्ही खोल्या भरलेल्या. सकाळी हे चिकूच्या झाडाखाली करंडी घेऊन गेले आणि तिथेच बसून राहिले. मी ओट्यावरून बघितलं. मला वाटलं आळस. मी ओरडले, "उठा, पाहुणे चहा मागतायत." हे बसलेलेच. मी परत ओरडले. मी जे बोलले ते लिहीत नाही, नेहमीचं होतं. मग मी चहा टाकला. उकळला. गाळला. बारा कप भरले, ट्रे घेऊन पाहुण्यांना दिला, एकाला साखर कमी हवी होती, त्याचा परत करून आणला. मग गेले बघायला.

करंडीत चिकू भरलेले होते. पालथी पडली नव्हती काही नव्हती. हे नीट बसलेले होते.

तारापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तुम्ही लगेच गेला असतात तरी फरक पडला नसता. ते सगळ्यांना सांगत असतील.

पाहुण्यांनी दुपारचं जेवण घेतलं नाही. मी सांगितलं होतं, करते, भात झालाय. ते म्हणाले नको काकू. नवसीने मला हाताला धरून आत नेलं. तेव्हापासून मी ठीक आहे. सगळे येऊन म्हणतात, रड, मोकळी हो. तुझं बरं, तू तेराव्याला फोनवर रडत होतीस, धीरजने फोन सगळ्यांसमोर धरला होता, आवाज येत नव्हता, नुसतं तोंड हलत होतं.

हे सगळं तुला यायला लावायला लिहीत नाही. विचारलं होतंस म्हणून लिहिलं.

बंदरावर होड्या बंद व्हायला आल्या. एक जूनपासून दोन महिने मासा नाही. दांडीची कोळीण येते ती म्हणाली, ऑगस्टात नवा मासा येईल तेव्हा तुझं घर उघडलेलं असू दे.

दमयंती


सोमवार, ९ जून २०२५

हे पत्र धीरजच्या फोनवरून पाठवत नाही. बोईसरच्या पोस्टातून पाठवतेय. बाई म्हणाली दहा-बारा दिवस लागतील. एरवी धीरज माझी पत्रं न वाचता पाठवतो, तुझं बोलणंही ऐकत नाही, पण हे त्याने चुकूनही वाचू नये म्हणून. वाचून झाल्यावर तू हवं तर त्याला सांग, तो तुझा प्रश्न.

तुझं लांबलचक उत्तर आलं. मी परत परत ऐकलं. तुम्ही सगळं मांडून बघितलंत हे कळलं. ऑगस्टात विमानं महाग, वेल्सची खोली मेघालीच्या मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर ठरलेली, शाळा सुरू असताना आलं तर दंड लावतात. ते सगळं मला पटलं, मी भांडत नाही. पण शेवटी तू जे बोललीस ते मांडलेलं नव्हतं, ते आपोआप बाहेर पडलं. तू म्हणालीस, "वैनी, तिकीट मिळेल. मला त्या घराच्या दारातून आत यायची हिंमत होत नाही. दादाने मला टुरिस्ट म्हटलं. तो गेला आणि मी त्याच्याशी न बोलताच राहिले. आता मी कुठल्या तोंडाने कढई चढवू?"

हे ऐकून मी बाहेर वाडीत गेले. तासभर आळ्यांतलं गवत काढलं. नवसी म्हणाली, "वैनी, तो मिरचीचा रोपा हाय, गवत नाय." मी चार रोपं उपटून टाकली होती.

तर ऐक. तो फॉर्म ह्यांनी भरला नाही. मी भरला.

ऑगस्ट दोन हजार बावीस. तुम्ही येऊन दुसरा दिवस. दोन्ही खोल्यांत तुम्ही, वर दुपारच्या जेवणाला वसईचे आठ जण सांगितलेले. मी चुलीशी. धीरज फोन घेऊन बसला होता, त्याला कामावर जायचं होतं, शिफ्टची बस चुकत होती. तो इंग्रजी वाचायचा, मराठीत सांगायचा, मी उत्तर द्यायची. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर. मग म्हणाला, "आई, येण्याचं कारण काय टाकू?" आणि यादी वाचली. मी म्हटलं टुरिस्ट टाक. तो म्हणाला, नक्की? मी म्हटलं टाक रे, भात लागतोय.

एप्रिलच्या पत्रात मी लिहिलं, यादीत माहेर नव्हतं. ते खरं आहे. पण नातेवाईकांना भेटायला, असं होतं. धीरजने वाचलं होतं. दुसऱ्या की तिसऱ्या नंबरला होतं. मी ते ऐकलं आणि तरी टुरिस्ट टाक म्हटलं.

घाई होती हे खोटं नाही. पण घाईत दोन्ही बोलायला सारखाच वेळ लागतो.

आदल्या दिवशी तुम्ही उतरलात. मी चार वाजल्यापासून उभी. तू बसलीस, मेघालीसाठी बाटलीचं पाणी मागितलंस, मितेशरावांसाठी तिखट कमी, आणि मग म्हणालीस, "वैनी, इथे आलं ना की खरी सुट्टी वाटते. काहीच करावं लागत नाही." तू प्रेमाने म्हणालीस. मला कळलं होतं प्रेमाने म्हणालीस. मी तुझं ताट उचललं. बोरिवलीची बाई पण तसंच बोलते, तिला मी सुरी देऊ शकते. तुला नाही देता आली. तर मी दुसऱ्या दिवशी फॉर्ममध्ये दिली.

कुणी वाचेल असं वाटलं नव्हतं. पोलिसांचा कागद, कोण वाचतो. धीरजने छापून पासपोर्टांच्या झेरॉक्सबरोबर टेबलावर ठेवला. पाचव्या दिवशी तुझ्या हाताला लागला.

तू ओसरीवर उभी राहून ओरडलीस, "दादा, मी टुरिस्ट? माझ्या घरात?" धीरज कामावर होता, त्याला आजपर्यंत ठाऊक नाही की भांडण या कागदावरून झालं, तो समजतो जमिनीवरून. मी स्वयंपाकघराच्या दारात, हाताला पीठ. ह्यांनी कागद बघितला. मग माझ्याकडे बघितलं. एवढंच, एक पळभर. आणि म्हणाले, "मी भरला. कायद्याने तू तेच आहेस ना आता? चूक काय त्यात?"

चूक काय त्यात, हे त्यांचं. ते मी बोलायला लावलं नव्हतं. मला वाचवायला बोलले, आणि एकदा बोलल्यावर मागे घ्यायचा तो माणूस नव्हता, तू ओळखतेस. तू बॅगा भरल्यास. चार दिवस आधीच मुंबईच्या हॉटेलात गेलात. रिक्षात बसताना मेघालीने मला टाटा केला, तू नाही.

मला तेव्हा बोलता आलं असतं. रिक्षा सुटेपर्यंत बराच वेळ होता, मितेशराव दोरी बांधत होते. मी म्हणाले असते की मी लिहिलंय, तर तू माझ्यावर चिडली असतीस. नणंद वहिनीवर चिडते, दोन वर्षांनी विसरते. पण मी गप्प राहिले. का, ते पण लिहिते, आता अर्धं लिहून काय करायचं. मला बरं वाटलं. चार दिवसांचा स्वयंपाक वाचला असं वाटलं. गादीवरच्या चादरी काढल्या, धुतल्या, शनिवारी खोली दिली.

रात्री ह्यांना म्हटलं, तुम्ही का सांगितलंत तुम्ही भरला? हे म्हणाले, "ती माझ्यावर किती दिवस रागावेल?" त्यांना वाटलं चार-आठ दिवस. मग दिवाळीपर्यंत. मग ऑगस्टात खोली रिकामी ठेवायला लागले. मी रोज मनात धरायची, उद्या जागूला फोन करून सांगीन. ह्यांनी एकदाही म्हटलं नाही की सांग. म्हटलं असतं तर मी सांगितलं असतं, असं आता वाटतं. तेव्हा कदाचित भांडले असते.

तर तू ज्याच्यावर रागावून तीन वर्षं बसलीस, त्याने तुला टुरिस्ट लिहिलं नव्हतं. तुझी खोली दर वर्षी झाडून ठेवली होती. हे तुला त्याच्या तोंडून कळायला पाहिजे होतं. माझ्यामुळे कळलं नाही.

माफी मागत नाही. मला नीट मागता येणार नाही आणि तुला ती घेऊन करायचं काय? तुझा राग आता माझ्याकडे वळव, मी आहे अजून.

पण कढई चढवायला ये. शांताराम काकांनी सहा जुलै ठरवली आहे, रविवार. त्यांची बोरडीची सून येणार, भावकी येणार, मोठं पातेलं पण सांगितलंय. मी नको म्हटलं तर म्हणाले, तुझी नणंद हो म्हणत असेल तर थांबतो, नाहीतर हे घर असं बंद ठेवायचा तुला अधिकार नाही. त्यांचं पण खरं आहे. तात्या परवा शेजारच्या वड्यांचा वास आला तर काही बोललेच नाहीत. चार महिने रोज विचारायचे, परवा नाही विचारलं. त्याचीच मला काळजी वाटली.

वेल्सला जा. मैत्रिणीच्या घरच्यांना दिलेला शब्द मोडू नकोस, पोरीची सुट्टी आहे. तिकडून आलीस की तू एकटी ये, मितेशरावांना ओढून आणू नकोस, त्यांना कशाला परदेश. चार दिवस. एका सकाळचं काम आणि बाकी तात्यांजवळ बसायचं.

आणि ज्या बाईच्या तोंडात पहिली घारी घालायची ती मी. तुझा हात माझ्या तोंडापर्यंत येईल की नाही, मला माहीत नाही. जबरदस्तीने येऊ पण नये. म्हणून मी धीरजकडे विचारून ठेवलंय, सालवडला त्याची एकच खोली आहे पण कोपऱ्यात माझं अंथरूण होईल. तू आलीस की मी चार दिवस तिकडे जाईन. नवसी तुला पीठ भिजवून देईल, तिला प्रमाण ठाऊक आहे. पहिली घारी तू तात्यांना घाल. रीत थोडी वाकडी होईल, होऊ दे. भावकीने विचारलं वैनी कुठे, तर सांग सुट्टीवर गेली. त्रेपन्न वर्षांत पहिलीच आहे, कुणाला नवल वाटलं तर वाटू दे.

तर दोनच गोष्टींचं उत्तर दे. तू येणार की नाही. आणि येणार असशील तर मी घरात असावं की नसावं. लांबलचक बोलू नकोस, मितेशना विचारून सांगते म्हणू नकोस, हे तुझं तूच सांगायचं आहे. शनिवार, पाच जुलै. संध्याकाळी सात वाजता मी तात्यांच्या खाटेपाशी फोन घेऊन बसेन, तात्यांचा, धीरजचा नाही. आठपर्यंत फोन आला नाही तर मी उठून शांताराम काकांकडे जाईन आणि त्यांच्या सुनेला हो म्हणून येईन.

दमयंती